फेर्मिनची फावडी

दोन्या सुलेमाला एकच मुलगा उरला होता, आणि तो फावडी घालून आरशावरून उतरायचा.

आमच्या गावात एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते. फावडी म्हणजे रुंद स्की, बुटाखाली माझ्या पंज्याहून रुंद, पिठासाठी बनवलेल्या. पीठ म्हणजे नुकता पडलेला, कुणी न तुडवलेला मऊ बर्फ. त्यात फावडी तरंगतात आणि माणूस मांडीपर्यंत बुडत नाही. आणि आरसा म्हणजे आमच्या सेरो पिचून डोंगराचा मधला मोठा उतार. रोज संध्याकाळी त्यावर यंत्र फिरवून बर्फ दाबतात, रात्रीत तो गोठतो आणि सकाळी काचेसारखा टणक होतो. तिथे अरुंद स्की हवी. ती चटकन कडेवर उभी राहते, तिची पोलादी कड बर्फाला धरते. फावडं कडेवर यायलाच वेळ लावतं, आणि आलं तरी त्याला तसं धरून ठेवायचं सगळं ओझं गुडघ्यावर पडतं. एखादी फेरी मजा म्हणून मारायला ठीक आहे. सुलेमाचा हा मुलगा, सिरो आन्तिलेफ, दोन हिवाळे तीच घालून नोकरी करत होता.

तो गस्तीवर होता. माझा नवराही. उतारावर कुणी पडलं, पाय मोडला, की हे लोक स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, घेऊन जातात. पुढच्या दांड्यांमध्ये एकजण उभा राहतो, दुसरा मागे दोर धरतो. पुढचा वाट काढतो, मागचा ब्रेक होतो. पुढे सिरो आणि मागे माझा उलिसेस, अशी जोडी ठरलेली होती. मी पायथ्याच्या दुकानात स्कीच्या कडा घासते, तळाला मेण लावते, आणि तेव्हा या दोघांची बडबड फुकटात ऐकत असे.

त्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागताना, एकदा बर्फ पडला आणि मग आभाळाने जे तोंड मिटलं ते मिटलंच. जुलै निम्मा सरला तरी ढग नाही. वरच्या खडकांचे दात दिसायला लागले. दाबलेले उतार तेवढे पांढरे राहिले, आणि ते इतके घट्ट झाले की त्यांच्यावर सुरी मारली तर सुरी वाकली असती. अशा दिवसांत सिरो फावडी खांद्यावर टाकून माझ्याकडे आला.

"नेल्दा, कडांना धार लाव जरा. आरशाने आज मला पार कुंपणापर्यंत नेऊन सोडलं."

"आरशाला कशाला नावं ठेवतोस? टेबलाच्या फळ्या पायाला बांधून तूच फिरतोस."

"पीठ पडू दे, मग बोल."

"पडेल तेव्हा पडेल. सध्या फक्त तू पडतोयस," मागून उलिसेस आत येत म्हणाला. "जाडे, याच्या कडांना करवतीचे दात काढ. याचा दोर धरून धरून माझे हात लांब झालेत. आता मी उभ्या उभ्या गुडघे खाजवतो."

उलिसेस मला जाडे म्हणायचा. मी जाडी नाही, पण आमच्याकडे बायकोला तसंच म्हणतात. सिरो हसला, बाकावर बसला आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. गुडघा पावाच्या कणकेसारखा फुगला होता. मी फावडी शिकंज्यात अडकवली आणि कानस चालवायला लागले. कड चांगली लावता येते, पण रुंदी काही घासून कमी होत नाही. मी ते त्याला शंभरदा सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं नाही.

तो ऐकणार नाही हे मला माहीत होतं, कारण ती फावडी फेर्मिनची होती.

फेर्मिन म्हणजे सिरोचा मोठा भाऊ, तोही गस्तीवाला, आमच्या डोंगरावर त्याच्यासारखा स्की करणारा मी पाहिला नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी भरपूर पीठ पडलं होतं. डोंगर उघडण्याआधी गस्तीचे लोक वर जाऊन धोकादायक उतार तपासतात, स्फोटकं टाकून सैल बर्फ आधीच पाडतात. फेर्मिन नाळेत उतरला. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ. वरून बर्फाचा लोट आला आणि त्याला घेऊन गेला. त्याच्या सर्वांत जवळ सिरो होता, वरच्या लिफ्टच्या ठाण्यावर. पण ठाणं आणि नाळ यांच्यामध्ये पाम्पिता आहे, एक सपाट माळ. उतारावर निदान उतार तुम्हाला ओढतो. सपाटीवर कुणी ओढत नाही. सिरोच्या पायात कंपनीच्या अरुंद स्की होत्या, दाबलेल्या उतारांसाठीच्या. त्या पिठात बुडल्या, आणि त्यांच्याबरोबर तो मांडीपर्यंत बुडाला. एक पाय उपसायचा, तो पुढे टाकायचा, पुन्हा बुडायचं. गावातल्या बागेतून समोरच्या चर्चपर्यंत जावं एवढंच अंतर. तो पोचला, त्याने भावाला उकरून काढलं, तेव्हा फेर्मिनचं अंग अजून गरम होतं, पण श्वास नव्हता.

सिरोने भावाच्या पायातली फावडी सोडली आणि घरी आणली. दोघांच्या बुटाचं माप एकच. त्यानंतर त्याने दुसरी स्की पायात घातली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पुन्हा बुडत जाणार नाही." आणि गोष्ट तिथेच संपायची, कारण यावर काय बोलणार?

दोन्या सुलेमा मात्र बोलायची. ती त्यांची आई, आणि आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात. बुटकी, काटक बाई, घरामागे तिचा भाजीचा मळा, आणि चालताना नेहमी कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी. सिरो कडा लावून घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. मी माते पुढे केला, म्हणजे आमच्याकडचा नळीने ओढून प्यायचा कडू काढा. तिने नळी ओठाला लावली, पण ओढला नाही.

"त्याला सांग, त्या स्की तडकल्यात," ती म्हणाली.

"दोन्या, त्या तडकलेल्या नाहीत."

"मला माहीत आहे. तू सांग. तुझं ऐकेल. तू म्हणालीस की ही स्की आता कामाची नाही, की संपलं."

"तो स्वतः उलटी करून बघेल. मग माझ्या दुकानावर कधी विश्वास ठेवेल?"

"विश्वास." तिने तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारला. "काल कुंपणाला आपटला. परवा कड्याला आपटेल. डॉक्टर म्हणाला, गुडघ्यातली शीर सुतावर लोंबतेय. बर्फावर माणूस ज्या पायावर उभा असतो, तोच पाय जर गेला, तर काय होतं, ते तू मला सांगू नकोस. मी एक दिला या डोंगराला. दुसरा देणार नाही."

मी कानस पुन्हा उचलली. तिने माते तसाच परत ठेवला.

"नेल्दा, तुला मूल नाही म्हणून तुला कळत नाही," ती दारातून म्हणाली. असं ती कुणालाही म्हणू शकायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे अंडी घेऊन जायची. मी मनाला लावून घेतलं नाही, म्हणजे थोडंसं घेतलं.

मग जे व्हायचं होतं ते झालं. रोसारिओहून आलेली एक मास्तरीण आरशाच्या माथ्यावर पडली, पायाचं हाड मोडलं. सिरो आणि उलिसेस स्लेज घेऊन गेले. तिला बांधलं, पांघरूण घातलं, निघाले. आरशाच्या मध्यावर उजवीकडे एक वळण आहे, खाली सरळ खडकांचा तुकडा आणि त्याच्या अलीकडे जाळी. वळणावर सिरोने फावडी कडेवर घेतली. ती आली नाहीत. म्हणजे आली, पण उशिरा, आणि आली तेव्हा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. स्लेजने त्याला खाली ओढलं. मागे उलिसेस दोर धरून बर्फावर चक्क बसला, टाचा रोवल्या आणि बसल्या बसल्या तसाच फरपटत गेला. जाळीने सगळ्यांना धरलं. मास्तरीणबाईंना काही झालं नाही, त्या उलट म्हणाल्या, फार छान वेगाने आणलंत. उलिसेसच्या पँटच्या पाठीमागचं कापड मात्र डोंगरावरच राहिलं.

"बाईंना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे," तो घरी आल्यावर म्हणाला, आणि पालथा पडून त्याने मला ढुंगणाला मलम लावायला लावलं. मलम लावून होईपर्यंत त्याचे विनोद संपले. "जाडे, पुढच्या वेळी ती जाळी नसेल तर?" तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

गस्तीचा प्रमुख कोवाचिच कमी बोलणारा माणूस. त्याने सिरोला सांगितलं, अरुंद स्की घाल, नाहीतर दांड्यांमध्ये उभा राहू नकोस. सिरो म्हणाला, ठीक आहे, नाही राहत. कोवाचिचने त्याला गुडघा बरा होईपर्यंत घरी पाठवलं. दवाखान्यात त्यातलं पाणी काढलं, गोळ्या दिल्या. तो अंथरुणावर पडून राहिला आणि फावडी दाराआड उभी राहिली.

त्याच दिवसांत बर्फाच्या मरियामातेचा सण आला. ऑगस्टच्या सुरुवातीला असतो. बर्फ नसेल त्या वर्षी आमच्याकडे चर्चसमोर शेकोटी पेटवतात आणि डोंगराला स्कीची एक जोडी देतात. त्याचे नियम आहेत. मोडकी जोडी चालत नाही, वापरता येईल अशीच द्यायची, डोंगराला गंडवायचं नाही. देणाऱ्याने ती कुणाची ते मोठ्याने सांगायचं. आणि एकदा जाळात गेली की परत ओढायची नाही, मग कुणी काही म्हणो. पाद्रीबाबांना हे आवडत नाही. ते येतात, शाल गुंडाळून एका बाजूला उभे राहतात आणि तळलेल्या पोळ्या खातात.

त्या संध्याकाळी सगळं गाव होतं. कोण देणार यावर नेहमीची टाळाटाळ चालली होती. भाड्याने स्की देणारा इग्नासिओ म्हणत होता, माझ्याकडच्या सगळ्या कामात आहेत, आणि लोक त्याला म्हणत होते, त्या कामात असत्या तर आम्ही पडलो नसतो. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुलेमा आली. फावडी तिने छातीशी धरली होती, ती तिच्यापेक्षा उंच होती.

"फेर्मिन आन्तिलेफची," ती म्हणाली. "मी त्याची आई. त्याच्यामागे त्याचं जे आहे ते माझं."

कुणी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना हायसं वाटलं. कोवाचिचने टोपी काढली. उलिसेस सर्वांत पुढे होता.

"टाका, दोन्या," तो म्हणाला. "टाका. त्याचा गुडघा वाचेल आणि माझी पँट."

लोक हसले. सुलेमा नाही हसली. तिने एकेक फावडं नीट आडवं ठेवलं, चुलीत लाकूड सारावं तसं.

पीठ मागायचं आणि पिठाचीच स्की जाळायची, हे आमच्याशिवाय कुणाच्या डोक्यात येणार नाही. पण त्या संध्याकाळी त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

फावड्यांचा वरचा थर फुगला, फोड आले, काळा धूर निघाला आणि सगळे नाकाला रुमाल लावून मागे सरले. तेव्हा सिरो आला. कोट उलटा घातलेला, बुटाचे बंद सुटलेले, पाय ओढत. तो जाळापाशी थांबला. हात पुढे केला आणि मागे घेतला. नियम त्यालाही माहीत होता.

"काय केलंस, म्हातारे?" तो हळू म्हणाला. आमच्याकडे आईला लाडाने म्हातारे म्हणतात. या वेळी त्यात लाड नव्हता.

"आधीच करायला हवं होतं ते."

"आणि पीठ पडलं तर?"

"पडलं तर तू घरी बस."

उलिसेसने त्याच्या मानेभोवती हात टाकला आणि त्याला बाजूला नेलं. "सोड रे," तो म्हणत होता, "फेर्मिन काय त्या लाकडात होता का?" सिरो जाळाकडेच बघत होता. सकाळी राखेत पोलादी कडा तेवढ्या उरल्या होत्या, बारीक, वाकड्यातिकड्या. सुलेमा येऊन त्या वेचून घेऊन गेली. लोखंड फुकट का घालवायचं, म्हणाली.

आता मला जे सांगायचंय ते ऐका, कारण लोक हा भाग विसरतात. तिचं म्हणणं बरोबर ठरलं. सिरो कामावर परतला तेव्हा त्याच्या पायात कंपनीच्या अरुंद स्की होत्या, दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे. त्यांच्या कडा मी लावून दिल्या. पहिल्या सकाळी तो आरशावरून उतरला आणि मी दुकानाबाहेर येऊन बघत राहिले. कसा उतरला सांगू. टणक बर्फावर दोन बारीक रेघा, शिवणयंत्रावर घातल्यासारख्या, कुठे घसर नाही, कुठे खरवड नाही. दोन वर्षं आम्ही विसरलोच होतो की हा फेर्मिनचा भाऊ आहे. गुडघ्याची सूज उतरली. तो पुन्हा दांड्यांमध्ये उभा राहिला, आणि त्या वळणावर स्लेज रुळावरून गेल्यासारखी गेली.

"मागे झोप येते आता मला," उलिसेस म्हणाला. "दोर कमरेला बांधून माते प्यावा म्हणतो."

सिरो हसलासुद्धा. पण आभाळाच्या दक्षिणेला जरासं धुरकट दिसलं की त्याचं बोलणं तुटायचं. एकदा त्याने मला विचारलं, "तुझ्याकडे कुणाची जुनी रुंद जोडी पडलीय का?" एक होती, पण तिचे पकडखिळे, ज्यांत बूट अडकतो ते, लहान बुटासाठी ठोकलेले होते, आणि दुसरे ठोकायला फळीत जागा नव्हती. मी म्हटलं, शहरात, निउकेनला कुणी जाईल तेव्हा मागवते. तो म्हणाला, मागव. आणि सुलेमा रोज तळलेल्या पोळ्या टोपलीतून घेऊन दुकानात यायची, खिडकीशी बसायची, आणि आरशाकडे बघत पोळीचे तुकडे मोडायची. खायची नाही. मुलगा खाली पोचला की तुकडा तोंडात टाकायची. इतकी सुखात ती मला फेर्मिन गेल्यानंतर कधी दिसली नव्हती.

मग डोंगराला ती जोडी पोचली. दुपारी वारा फिरला, संध्याकाळी बर्फ सुरू झाला, आणि तो असा पडला की सकाळी माझ्या दुकानाचं दार मला खिडकीतून बाहेर येऊन उकरावं लागलं. खालून वर येणारा रस्ता बंद झाला होता. आदल्या दिवशी जे वर होते ते वर, ज्याच्याकडे जे होतं त्याच्यावर भागवायचं. उलिसेस आणि सिरो वरच्या ठाण्यावर मुक्कामाला होते. निघताना उलिसेसने दुकानात डोकावून माझ्या शिकंज्यातली स्की उलटी करून ठेवली होती. हा त्याचा नेहमीचा फालतू विनोद होता.

दुकानात गस्तीचा वायरलेस चालू असतो. मी स्टोव्ह पेटवला आणि ऐकत बसले. कोवाचिच समोरच्या धारेवर होता. त्याने सिरोला ठाण्यावरच थांबायला सांगितलं, त्याच्या गुडघ्यामुळे आणि त्या अरुंद स्कींमुळे. नाळेत उलिसेस उतरला. त्याच्या स्की मध्यम रुंदीच्या होत्या, अशा दिवसाला पुरेशा.

मग कोवाचिचचा आवाज आला. तो ओरडला नाही. "लोट. नाळ. उलिसेस आत आहे." आणि लगेच, "सिरो, निघ."

"निघालोय," सिरो म्हणाला.

मी उभी राहिले. माझ्या हातात मेणाचा ठोकळा होता, तो मी सोडला नाही. कोवाचिच त्या धारेवरून लवकर पोचू शकत नव्हता, मध्ये सगळी दरी होती. सिरोच जवळ होता. मधे फक्त पाम्पिता होती.

"सिरो, कुठे आहेस?"

आधी नुसता श्वास ऐकू आला. "पाम्पितावर."

"किती राहिली?"

"बुडतोय."

"किती राहिली, सिरो?"

"बुडतोय मी, बुडतोय."

नंतर कळलं, त्याने स्की काढल्या, पुढे आडव्या टाकल्या, त्यांच्यावर पोटाने सरकला, पुन्हा उचलल्या, पुन्हा पुढे टाकल्या. माणसाला जे सुचू शकतं ते सगळं त्याने केलं. मी हे ऐकलेलं नाही, मी फक्त त्याचा श्वास ऐकत होते, आणि मध्ये मध्ये तो काहीतरी पुटपुटायचा, ते मला आधी प्रार्थना वाटलं. मग नीट ऐकू आलं. तो भावाचं नाव घेत होता. माझ्या नवऱ्याला काढायला निघालेला माणूस फेर्मिन, फेर्मिन म्हणत होता.

"सापडला," तो शेवटी म्हणाला.

"श्वास?" कोवाचिचने विचारलं.

सिरोचं बोट बटणावरच राहिलं होतं. तो उलिसेसच्या तोंडात हवा फुंकत होता ते मला ऐकू येत होतं. फुंकायचा, थांबायचा, पुन्हा फुंकायचा. खूप वेळ. कुणीतरी वायरलेस बंद करायला माझ्या दुकानात आलं, आणि मी त्याच्या हातावर मेणाचा ठोकळा मारला.

दुसऱ्या दिवशी उलिसेसला खाली आणलं. पुढे दांड्यांमध्ये सिरोच होता. मागे दोर कोवाचिचने धरला. आरसा पिठाखाली गेला होता आणि सिरो कमरेपर्यंत रुतत चालत होता, स्की घातल्याच नव्हत्या. माझ्यासमोर स्लेज थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गरम होता, नेल्दा. हासुद्धा अजून गरम होता."

त्यानंतर सिरो डोंगरावर गेला नाही. खालच्या गावात टायरच्या दुकानात काम करतो. संध्याकाळी घरी येतो. आईशी हो आणि नको एवढंच बोलतो. तिने वाढलेलं सगळं खातो आणि ताट धुऊन ठेवतो.

सुलेमा मयताला आली होती, पण माझ्याजवळ आली नाही, दाराशी उभी राहिली. मीही गेले नाही. वसंत आला, बर्फ गेला, पाम्पितावर पिवळी फुलं आली. एका दुपारी मीच तिच्याकडे गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. भांडायला निघाले होते बहुधा. ती मळ्यात होती. मटारच्या वेलांना आधार म्हणून तिने काठ्यांऐवजी बारीक वाकडे पोलादी गज रोवले होते. मी ओळखले. मीच लावल्या होत्या त्या कडा, कितीदातरी.

तिने मला खुर्ची दिली, माते केला. या वेळी दोघींनी प्यायला.

"माफ कर म्हणू का?" तिने विचारलं. "म्हणायला तयार आहे मी. पण खोटं होईल."

"म्हणू नका."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

मी वेलांकडे बघत होते. खूप काही बोलायचं ठरवून आले होते. "जाळली असती," मी म्हटलं. ते खरं होतं.

तिने मान डोलावली. तेवढ्यात पुढच्या बाजूला फाटक वाजलं, मग वाळूवर पावलं, एक सरळ आणि एक ओढलेलं. सिरो कामावरून आला होता. माते तिच्या हातात तसाच राहिला आणि तिने मान वळवली. तो पार आत जाऊन दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ती ऐकत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे ती खिडकीशी बसून पोळीचा तुकडा तोंडात टाकताना यायचं. ती ते लपवू शकली नाही. तिने प्रयत्नही केला नाही.

तेवढं मला बघवलं नाही. मी माते खाली ठेवला आणि मळ्याच्या मागच्या वाटेने घरी आले.